शिबिर एका दिवसाचं, दवाखाना रोजचा



आपल्या वस्त्यांत आपण मोफत आरोग्य शिबिरं भरवतो. सवाबाचं काम आहे, ते सोडू नका. पण शिबिर संध्याकाळी उठतं. मधुमेहाची गोळी रोज लागते. गोवराची लस बाळाला नऊ महिन्यांनी आणि पुन्हा सोळा महिन्यांनंतर द्यावी लागते. एवढा हिशेब सगळ्यांसाठी ठेवणं पालिकेच्या दवाखान्यालाच जमतं.

२०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला, लहान मुलं दगावली. अनेक मुलांचं लसीकरण अपुरं होतं. मग पालिकेची पथकं दारोदार फिरली, धर्मगुरूंचीही मदत घेतली गेली. हे आधी का झालं नाही?

७४व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष सांगतो, साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. म्हणजे आपण खैरात मागत नाही, हक्क मागतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर चालू आहे, पण कुणालाच लॉगइन होत नाही, तर आम्ही त्याला बंदच म्हणतो. रोजंदारीवरचा माणूस कामावरून परतण्याआधी कुलूप लागणारा दवाखानाही त्याच्यासाठी बंदच.

म्हणून पुढच्या शिबिराआधी एक काम करा. दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आपल्या वॉर्डाची लोकसंख्या किती, केंद्रं किती, डॉक्टरांची पदं किती रिकामी, वेळ कोणती? उत्तर घेऊन नगरसेवकाकडे जा. एकटे नको, मोहल्ल्यातल्या आयाबहिणींना सोबत घेऊन जा.