पडायला शिकताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दुबईच्या प्रवासाविषयी बोलायला सांगितले आहे. पण तेथील उंच इमारती आणि सोन्याची दुकाने यांच्या हकिकती आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. म्हणून आज मी फक्त तेथल्या एका बर्फाच्या उताराविषयी बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी जिन्यात घसरले आणि माझे उजवे मनगट मोडले, हे आपल्याला ठाऊकच आहे. हाड सांधले, मन मात्र सांधले नाही. ओली फरशी दिसली की पाय थबकत. भजनाला येणे सुटले, भाजीसुद्धा शेजारणीकडून आणवू लागले. आपण किती वेळा बोलावणे पाठवलेत आणि मी किती वेळा डोकेदुखीचे निमित्त सांगितले! ती डोकेदुखी नव्हती, भीती होती. आज ते कबूल करते.

अशा मनःस्थितीत मुलाकडे गेले असता नातवाने हट्ट धरला, "आजी, बर्फावर चल!" बाहेर वाळवंटातले ऊन आणि एका भल्यामोठ्या बाजार-इमारतीच्या पोटात बर्फाची टेकडी! 'स्की दुबई' हे तिचे नाव. २००५ साली ती सुरू झाली. तिच्यावरचा सर्वांत लांब उतार सुमारे ४०० मीटरचा आहे. आत दिवसा शून्याखाली एक-दोन अंश तपमान राखतात. रात्री ते आणखी उतरवून पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतात. ते गोठतात आणि बर्फ होऊन खाली पडतात. भिंती नि छप्पर थर्मासच्या बाटलीसारखे, बाहेरची उष्णता आत न येऊ देणारे. याला वीज किती लागत असेल, हा विचार गृहिणीच्या मनात आल्यावाचून राहत नाही. माझ्याही मनात तो आला आणि अजून पुरता गेलेला नाही.

नातवाने स्नोबोर्ड घेतला. म्हणजे एकच रुंद फळी. तिच्यावर दोन्ही पाय बांधून आडवे उभे राहायचे. त्यात पडताना हात आपसूक पुढे टेकतात आणि नवशिक्यांची मनगटे दुखावतात. तेव्हा तो मार्ग मला बंदच होता! मुलाने माझ्या डॉक्टरांना दूरध्वनीवरून विचारले. त्यांनी शिक्षिकेच्या देखरेखीखाली अगदी सौम्य उतारापुरती संमती दिली. मग मी स्की घेतल्या, म्हणजे प्रत्येक पायाला एकेक लांब, अरुंद पट्टी. आपले वजन, उंची, वय विचारून बुटाची पकड बसवतात. जोराने पडलो तर बूट पट्टीपासून सुटावा आणि पाय पिळवटू नये, हा त्यातला हेतू.

मला वाटले, आता चालायला शिकवतील. पण आमच्या तरुण शिक्षिकेने पहिला धडा दिला तो पडण्याचा! तोल गेलाच, तर गुडघे वाकवून एका अंगाला, उताराच्या वरच्या बाजूला बसते व्हायचे. हात टेकायचे नाहीत. उठताना पट्ट्या उताराला आडव्या करायच्या, नाहीतर त्या आपल्याला घेऊन निघतात.

दुसरा धडा थांबण्याचा. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि टाचा दूर, असा शंकरपाळ्याच्या कोपऱ्यासारखा आकार करायचा. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. डावीकडे वळायचे तर उजव्या पायावर भार द्यायचा.

पण मला सर्वांत जड गेला तो तिसरा धडा. उतार दिसताच मी भिऊन मागे रेलत होते. मागे रेलले की पट्ट्यांची पुढची बाजू हलकी होते, वळणे जमत नाही आणि वेग उलट वाढतो. शिक्षिका पुन्हा पुन्हा सांगे, "नडगी बुटाला टेकू द्या, पुढे झुका!" ज्याची भीती वाटते त्याच्याकडे झुकायचे, हे माझ्या मनाला पटेना. पहिल्या दिवशी मी सात वेळा पडले. सरकत्या पट्ट्यावरून वर जावे आणि बसकण मारीत खाली यावे, असे चालले होते. तिसऱ्या दिवशी मात्र नवशिक्यांच्या उतारावरून खाली आले, वळले आणि कोणी न धरता थांबले. नातवाने टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, ते काही थंडीने नव्हे.

वेग आवरणे, वळणे आणि थांबणे जमल्यावाचून मोठ्या उतारावर कोणाला सोडत नाहीत. मी तिकडे गेले नाही. त्याची खंतही नाही. माझा मोठा उतार येथे, घरच्या जिन्यात होता. परत आल्यावर कठड्याला धरून, चांगल्या तळाची चप्पल घालून मी तो उतरले. आता रोज उतरते.

भगिनींनो, आपल्यापैकी कोणी बर्फावर जावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझ्या दोन साध्या विनंत्या आहेत. आपल्या सभागृहाच्या पायऱ्यांना कठडा नाही. तो या वर्षी बसवावा. माझी पहिली वर्गणी मी चिटणीसबाईंकडे दिली आहे. आणि वारंवार बोलावूनही ज्या येत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन त्या डोकेदुखीची एकदा नीट विचारपूस करावी. हात धरायला कोणी असले, म्हणजे पुढे झुकणे सोपे जाते.