बाबांची झोप आणि बारा व्होल्ट : गाडीतल्या घरासाठी बॅटरी

मी इतवारीतून बोलतोय. मागे बाजाराचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या. दिवसा मी कोड लिहितो. वर्षभर शनिवार-रविवार मात्र एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीला घर बनवण्यात गेले. बाबांनी आयुष्यभर किराणा ओळीत दुकान सांभाळलं. फिरणं राहून गेलं. आता फिरायचं, पण त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री सीपॅप मशीन लागतंच. म्हणजे बॅटरी संपली तर नुसता पंखा बंद होणार नाही, बाबांची झोपच जाणार.

तर पहिला मुद्दा. बॅटरी विकत घ्यायच्या आधी वही घ्या. मी काय लिहिलं ते सांगतो. सीपॅप ४० वॅट, आठ तास : ३२० वॅट-तास. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज, ४५ वॅट, पण दिवसातून साधारण बारा तासच चालतो : ५४०. पंखा २५ वॅट, दहा तास : २५०. दिवे ५०, मोबाइल-लॅपटॉप १५०. बेरीज १३१० वॅट-तास. एसी यात नाही, मुद्दामच. छोटा एसीसुद्धा तासाला हजारेक वॅट-तास खातो, दीड-दोन तासांत सगळं संपेल.

आता बॅटरी कोणती? आपल्या घरोघरी इन्व्हर्टरखाली असते ती ट्यूब्युलर माझ्या डोळ्यासमोर होती. १५० एएचची एक म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण ती रोज निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य घटतं. म्हणजे हाती ९०० उरतात. मग दोन लागतात, आणि दोघींचं वजन शंभर किलोच्या वर जातं. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि त्याच बंद डब्यात आपण झोपणार!

म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. १२.८ व्होल्ट, २०० एएच, म्हणजे २५६० वॅट-तास. ८० टक्के वापरली तरी २०४८ मिळतात. दीड दिवस निघतो. वजन पंचवीस किलोच्या आसपास. महाग आहे, खोटं कशाला बोलू?

पण आपल्या नागपुरात एक पेच आहे. बहुतेक उत्पादक ही बॅटरी ० ते ४५ अंशांतच चार्ज करा म्हणतात. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ गाठतो, बंद गाडीत तर विचारू नका. त्यामुळे बॅटरी इंजिनाजवळ किंवा छताखाली नको. पलंगाखाली, हवा खेळेल अशी ठेवा. लडाखला जाणाऱ्यांनी दुसरं टोक लक्षात ठेवावं : शून्याखाली चार्ज केली तर आतून खराब होते.

चार्ज कशी करायची? गाडीच्या अल्टरनेटरला सरळ जोडू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून बसतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर टाका. माझा ३० अँपिअरचा आहे. चार तास गाडी चालली की १२० एएच भरते, म्हणजे जवळपास आदल्या दिवसाचा खर्च भरून निघतो.

आता माझी चूक. पहिल्यांदा चिखलदऱ्याला गेलो. इन्व्हर्टरपर्यंत मी घरातल्या फिटिंगची उरलेली ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली होती. जाता-येता तीन-तीन मीटर. रात्री बाबा मशीन लावून झोपले आणि मी चहासाठी हजार वॅटची केटली लावली. दोन-तीन मिनिटांत बाबा उठून बसले. "काऊन रे, जळल्यासारखा वास येऊन राह्यला!"

वायरचं प्लास्टिक मऊ झालं होतं, आणि ती त्यांच्याच पलंगाखाली होती. मेन स्विच पाडला. ती रात्र बाबांनी मशीनशिवाय, बसून काढली. बोलले काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

घरी येऊन हिशोब केला. हजार वॅट, बारा व्होल्ट, इन्व्हर्टरची गळती धरून साधारण ९० अँपिअर. घरात २३० व्होल्टवर हीच केटली साडेचार अँपिअर घेते! त्या वायरमध्येच १४० वॅट उष्णता होत होती. आणि फ्यूज? तो होता, पण १५० अँपिअरचा. तो कशाला उडेल? मी इन्व्हर्टर बघून फ्यूज निवडला होता. फ्यूज वायरला वाचवायला असतो. वायर जेवढं सहन करते त्याच्या आतला घ्यायचा, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला चिकटून बसवायचा. इन्व्हर्टरकडे बसवला तर मधली वायर उघडीच राहते.

आता इन्व्हर्टर बॅटरीपासून एक मीटरवर आणलाय. वायर ३५ चौरस मिलिमीटर, लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घेतलेले. तीच केटली, पण वायरमध्ये फक्त आठेक वॅट उष्णता. सीपॅप इन्व्हर्टरवरून काढून तिच्या डीसी अडॅप्टरवर घेतली. इन्व्हर्टर बंद पडला तरी तिला फरक पडत नाही.

आणि हो, गाडीत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. विमा नंतर आठवतो.

काम झाल्यावर केटली अर्धा तास चालवली, दर पाच मिनिटांनी वायरला हात लावून बघितला. मग बाबांना बोलावलं. त्यांनी स्वतः वाकून पलंगाखाली हात घातला, वायर चाचपली आणि म्हणाले, "थंडी हाय. चल, आता कुठं जायचं?"

तुम्हीही तुमच्या वायरला एकदा हात लावून बघा. भेटूया पुढच्या भागात.