चष्म्याच्या दुकानातून संग्रहालयाकडे

दोन वर्षांपूर्वी माझी पुतणी घरी आली. बी.कॉम. झालेली, बँकेत नोकरीला. म्हणाली, "चाचा, नोकरी सोडतेय. बडोद्याला संग्रहालयशास्त्र शिकायचंय. अब्बांना तुम्हीच समजवा." तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या विषयाचा विभाग १९५२ पासून आहे, हेही तिनंच मला सांगितलं. मी कवी, तेव्हा मला तरी पटेल असं तिला वाटलं असावं. पण मीही चारचौघांसारखंच बोललो, "बेटा, जुनी भांडी राखून पोट भरतं का?"

ती वाद घालत बसली नाही. एवढंच विचारलं, "दादीचं पानदान कुठंय?"

आईचं तांब्याचं पानदान. चुन्याची डबी वेगळी, काताची वेगळी, झाकणावर वेलबुट्टी. आई गेल्यावर घर आवरताना मी ते भंगारवाल्याला किलोच्या भावानं दिलं होतं. ते माहेरून आलं होतं की इथं घेतलं होतं, हे आईला कधी विचारलंही नव्हतं. मी गप्प बसलो.

त्या रात्री मला पुण्याचे दिनकर केळकर आठवले. जन्म १८९६चा. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे आणि चष्म्याचं दुकान चालवायचे. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. काय काय जमवलं? दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, कोरीव दरवाजे, वाद्यं. घराघरांत रोज हाताळल्या गेलेल्या या वस्तू. पत्नी कमलाबाईंची साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. संग्रह वीस हजारांच्या घरात गेला आणि तो त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही तिथंच पुन्हा उभे केलेले आहेत.

कवितेकडून चष्म्याकडे, चष्म्याकडून दिव्या-अडकित्त्यांकडे. लोकांना ही वाट भरकटल्यासारखी वाटली असेल. मला आता तसं वाटत नाही. दुसऱ्याला क्षुल्लक वाटणारी गोष्ट थांबून पाहायची, तिला तिच्या नावानं हाक मारायची, हेच तर कवीही करतो.

सकाळी मी भावाकडे गेलो. त्याला राजी करायला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. पोरगी बडोद्याला गेली.

परवा तिचा फोन आला. वस्तूची नोंद कशी करतात ते शिकत होती. "चाचा, पानदानाची नोंद करूया. धातू?" "तांबं." "नक्षी?" "वेलबुट्टी." "माप?" मी हातानं हवेत माप दाखवलं, फोनवर ते तिला कसं दिसणार? "कुठून आलं?" या प्रश्नापाशी आम्ही दोघंही थांबलो.

तो रकाना कोराच राहिला. तुमच्या घरातल्या वस्तूंबद्दल सांगणारं माणूस अजून असेल, तर आजच विचारून घ्या.