आधीं विद्यार्थी, मग मास्तर

परक्या देशांत जाऊन तेथील मुलांना आपली भाषा शिकविणें दिसतें तितकें सोपें नसतें. १८९० सालीं जपानांतील मात्सुए गांवच्या शाळेंत इंग्रजी शिकवूं लागलेल्या लाफ्काडियो हर्न याचें नांव पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक असेल. पण त्याच्याही चव्वेचाळीस वर्षें आधीं आपल्या नागपुरांत एका परदेशी मास्तरानें इंग्रजी शाळा उघडली होती. त्याचें नांव स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉपसाहेब स्कॉटलंडचे. १८४५ सालीं ते नागपूर प्रांतांत आले. नागपुरास तेव्हां तिसऱ्या रघूजी भोसल्यांचें राज्य होतें. भंडारा जिल्ह्यांतील पवनीजवळचें कोंढा गांवही त्याच राज्यांत मोडे. अशा गांवीं शिक्षण म्हणजे पंतोजींची शाळा, धुळाक्षरें, मोडी आणि पाढे. इंग्रजीचें वारें तेथवर पोंचलें नव्हतें.

साहेबांपुढें पहिलाच प्रश्न भाषेचा. कामठीच्या छावणींत मद्रासी पलटणी, त्यांची बोली तामीळ किंवा तेलगू, शहरांत मराठी. मुलांना इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगावयाचा तरी तो मराठींतूनच सांगावा लागणार. तेव्हां या मास्तरानें स्वतः मराठीची पाटी हातीं धरली. परकीयाच्या जिभेला 'त' आणि 'ट' यांतील भेद किती छळतो, आणि 'ळ' तर किती दाद देत नाहीं, हें ज्यानें अनुभवलें, त्याला इंग्रजी उच्चारावर अडखळणाऱ्या पोरावर रागावण्याचा अधिकार उरत नाहीं. आपल्याकडे जसें लिहावें तसें वाचावें. 'बट' आणि 'पुट' यांत एकच स्वराक्षर दोन सोंगें कां घेतें, हें त्या पोरानें कोणत्या न्यायानें समजावें?

१८४६ सालीं शाळा सुरू झाली. अडचण केवळ व्याकरणाची नव्हती. साहेब मिशनरी होते. धर्मप्रसार हा आपला हेतु त्यांनीं लपविला नाहीं. मुलाला इंग्रजी तर यावें, पण मुलगा मात्र हातचा जाऊं नये, अशा कात्रींत आईबाप सांपडले. ती भीति खोटी नव्हती आणि विद्येची ओढही खोटी नव्हती. त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनेंच मुलें शाळेंत येत राहिलीं.

विद्यार्थीपण मात्र साहेबांनीं शेवटपर्यंत सोडलें नाहीं. नागपूरच्या आसपासचे दगड व त्यांतील जीवाश्म त्यांनीं तपासले. गोंड लोकांचीं गीतें व कथा त्यांच्याच तोंडून टिपून घेतल्या. ते कागद सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढले.

तें पुस्तक पाहण्यास साहेब उरले नव्हते. १८६३ च्या ४ सप्टेंबरला टेंपलसाहेबांबरोबर ते टाकळघाटाकडील प्राचीन अवशेष पाहावयास गेले होते. परततांना बोरीची शाळा तपासण्यासाठीं मागें राहिले, आणि अंधारांत पुरानें फुगलेला नाला ओलांडतांना बुडाले. वयाचीं शेहेचाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

१८८३ सालीं स्थापन झालेलें नागपूरचें हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचें नांव चालवीत आहे. त्यांच्या धर्ममताशीं ज्यांचें जुळणार नाहीं, त्यांनींही एवढें घ्यावें: ज्याला शिकवावयाचें त्याची भाषा आधीं शिकावी. परक्याच्या शाळेंत मूल धाडण्यास कचरणाऱ्या आईबापांशीं त्यांच्याच बोलींत बोलतां येणें, ही विश्वासाची पहिली पायरी होती.