तरवडाची ओळख

पुणें सोडून पूर्वेस सोलापूरच्या वाटेस लागलें, म्हणजे पाऊसमान कमी होत जातें, झाडी विरळ होते आणि खडकाळ माळ दिसूं लागतात. या माळांवर गुरेंमेंढरें दिवसभर चरत असतात. त्यांच्या तोंडून वांचणारीं झुडपें थोडींच. त्यांत फांद्यांच्या शेंड्यांवर पिवळ्याधमक फुलांचे घोस मिरविणारें, पुरुषभर उंचीचें एक झुडूप उठून दिसतें. तोच तरवड होय. जनावर त्यास सहसा तोंड लावीत नाहीं, म्हणूनच तो तेथें टिकला आहे.

तरवड हा मूळचा येथलाच. भारतांतील कोरडे प्रदेश आणि सिंहलद्वीप हें त्याचें माहेर. संस्कृतांत त्यास आवर्तकी म्हणतात. त्याच्या सालीनें चामडें कमावीत आणि काड्यांनीं दांत घासीत. तेलुगू भाषेंत त्यास तंगेडु असें नांव आहे. तेलंगणांतील बतुकम्मा सणांत फुलांची जी रास रचितात तींत हीं फुलें असावयाचींच. २०१४ सालीं स्थापन झालेल्या तेलंगण राज्याचें हेंच राज्यपुष्प आहे.

परंतु फूल पिवळें आणि फळ शेंगेचें, एवढ्यावरून तरवड ओळखूं गेल्यास फसगत होते. टाकळा आणि कासविंदा हे त्याचे दोन भाऊबंद. टाकळ्यास वऱ्हाडांत तरोटा म्हणतात. तिघांचींही फुलें पिवळीं व पांच पाकळ्यांचीं असतात. वाटाण्याच्या फुलासारखा पतंगाचा आकार त्यांपैकीं एकासही नसतो. म्हणून फुलावरची नजर काढून ती पानाकडे न्यावी.

तरवडाच्या पानाच्या देंठाशीं, फांदीला लागून, दोन्ही बाजूंस कानाच्या पाळीसारखीं दोन गोलट पानें असतात. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं या झुडपास जें लॅटिन नांव दिलें, त्याचा अर्थही ‘कानाची’ असाच आहे. पानांत दळांच्या आठ ते बारा जोड्या असून प्रत्येक जोडीमध्यें एक बारीक ग्रंथि असते. शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ असून तींतील बियांचे उंचवटे बाहेरून दिसतात.

टाकळा हें पावसाळी रोप. त्याच्या पानांत दळांच्या तीनच जोड्या असतात आणि दळांचीं टोंकें गोल असतात. शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वांकलेली असते. याच्या कोंवळ्या पाल्याची भाजी पहिल्या पावसानंतर घरोघर होते.

कासविंदा मूळचा अमेरिकेंतला. आतां तो वाटेच्या कडेस व उकिरड्यांवर कोठेंही उगवतो. त्याच्या दळांच्या तीन ते पांच जोड्या असतात, पण टोंकें अणकुचीदार असतात. पान चुरगाळल्यास उग्र दुर्गंध येतो. ग्रंथि एकच, देंठाच्या बुडाशीं. शेंगेच्या मध्यावर तपकिरी पट्टा असून कडा फिकट असतात.

हे भेद केवळ जिज्ञासेचे नव्हेत. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांत, पावसाळा सरल्यावर, लहान मुलें अकस्मात् बेशुद्ध पडून दगावत. हा मेंदूचा सांथीचा ताप असावा, असें वर्षानुवर्षें समजलें जाई. शेवटीं डॉक्टरांनीं त्या मुलांच्या घरीं जाऊन विचारपूस केली, तेव्हां खेळतां खेळतां त्यांनीं कासविंद्याच्या शेंगांतील दाणे खाल्ल्याचें आढळलें. २००७ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. हें विष यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर घाला घालतें, व त्यावर खास असा उतारा नाहीं. त्या मुलांना शेंग दिसली. ती कोणाची, हें सांगणारें मात्र जवळ कोणी नव्हतें.

यास्तव टाकळ्याची भाजी खुडणारानें प्रत्येक पानाचें टोंक पाहावें. टोंक अणकुचीदार दिसलें कीं तें पान टाकून द्यावें. मुलांना माळावर नेणारानें आधीं तरवडाचे कान दाखवावेत, मग कासविंद्याचा वास द्यावा, आणि कोणत्याही रानशेंगेचा दाणा वडील माणसास विचारल्यावांचून तोंडांत घालूं नये, हें त्यांच्या मनावर बिंबवावें. एका दुपारीं होणारा हा पाठ आहे. त्यास पुस्तक लागत नाहीं, माळ पुरतो.