छातीचा फोटो वाचणार कोण?

क्षयरोग म्हटला की आधी खोकला आणि मग दवाखाना, असा आपला पक्का समज आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने तो टिकू दिला नाही. केवळ लक्षणे विचारून थांबलो असतो आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी 42 टक्क्यांहून अधिक निसटले असते. म्हणजे आपल्या वाशिम जिल्ह्यात मानोऱ्याच्या तांड्यावर काय किंवा रिसोडच्या शिवारात काय, धडधाकट दिसणाऱ्याचाही फोटो निघायला हवा. हातात धरण्याजोगी एक्स-रे यंत्रे आता गावापर्यंत नेता येतात. गाडे अडते ते फोटो वाचण्यापाशी. क्ष-किरणतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. अहवाल आठवड्याने आला, तर तोवर माणूस सोयाबीनच्या सोंगणीला लागलेला असतो.

हे फोटो वाचणाऱ्या संगणक प्रणाली आज आहेत. एक तर मुंबईच्याच क्युअर डॉट एआय कंपनीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या छाननीसाठी अशा प्रणालींची शिफारस केली. प्रणाली निदान करत नाही, फोटोला गुण देते. किती गुणांवर थुंकी तपासायची, ती रेषा माणसांनीच आखायची असते. रेषा खाली आणली की रुग्ण कमी निसटतात, पण थुंकीच्या सीबीनॅट चाचणीच्या कार्ट्रिज जास्त खर्ची पडतात. वर नेली की उलटे. म्हणून ही रेषा कंपनीने ठरवून दिलेली चालणार नाही, ती जिल्ह्याने ठरवली पाहिजे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

यंत्र चुकेल, हे खरेच. बरा झालेला जुना क्षयही फुप्फुसावर व्रण ठेवून जातो, आणि तो व्रण प्रणालीला चकवू शकतो. पण थुंकीच्या तपासणीत ही चूक उघडी पडते. कमी गुणांमुळे घरी पाठवलेला रुग्ण मात्र कुणालाच दिसत नाही. खरा धोका तिथे आहे. डॉक्टरांची पदे आधी भरा, हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ती भरलीच पाहिजेत, कारण प्रणालीने संशयित वाढवले की डॉक्टर आणि प्रयोगशाळा जास्तच लागतात. वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. पडताळणीचे काम त्याच्याकडे सोपवावे: कमी गुण मिळालेल्यांपैकीही काहींची थुंकी तपासावी आणि त्यांत किती रुग्ण निघाले, ते जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत.