काटकसरीचे भाषण आणि मतदानाची घंटा



या व्याख्यानमालेत अर्थशास्त्राचे मोठमोठे प्राध्यापक बोलून गेले आहेत. माझे शिक्षण आठवीपर्यंत. पुढचे सारे सरकारी कचेरीच्या पायरीवर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा सिद्धांत सांगण्याचा माझा अधिकार नाही. काटकसरीवर भाषण करणारा पुढारी सभागृहात गेल्यावर मत कशाला देतो, एवढेच मी जमेल तसे तपासून पाहिले. ते आपल्यापुढे ठेवतो.

घर चालवणारी बाई जाणते की विहिरीसाठी काढलेले कर्ज निराळे आणि मीठमिरचीसाठी काढलेले निराळे. सरकारची नेहमीची मिळकत नेहमीच्या खर्चाला पुरेनाशी झाली, म्हणजे जी तूट येते तिला महसुली तूट म्हणतात. ती शून्यावर आणण्याचे वचन संसदेने 2003 साली चक्क कायदा करून दिले. कायद्याचे नाव लांबलचक आहे. आपण त्याला तुटीचा कायदा म्हणू. तो केला एका आघाडीच्या सरकारने आणि 2004 च्या जुलैत अमलात आणला दुसऱ्या आघाडीच्या सरकारने. तेव्हा दोष एकाच घरचा आहे असे कोणी समजू नये. मुदत 2008 च्या मार्चअखेरची होती, ती 2009 झाली. 2007-08 पर्यंत तूट खरोखरच उतरत गेली, हे कबूल केले पाहिजे. मग जगावर मंदी आली, शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली, सहावा वेतन आयोग आला. त्या आयोगाची थकबाकी आम्हीही बोटाला थुंकी लावून मोजून घेतली, हेही सांगितले पाहिजे. 2012 साली आणि 2015 साली कायदा पुन्हा दुरुस्त झाला.

आता 14 मार्च 2018 हा दिवस पाहा. लोकसभेत गोंधळ चालू होता. त्या गोंधळातच गिलोटिन लावण्यात आले. गिलोटिन म्हणजे फ्रान्समध्ये मुंडके उडवीत ते यंत्र; संसदेत त्याने चर्चेचे मुंडके उडते. ज्या मागण्यांवर चर्चा झालेली नसते त्या सगळ्या एकगठ्ठा मताला टाकतात. वर्षाचा सारा खर्च आणि वित्त विधेयक त्या दिवशी चर्चेविना मंजूर झाले. त्या एकाच विधेयकाच्या एका भागाने तुटीच्या कायद्यातून महसुली तुटीचे उद्दिष्टच काढून टाकले. दुसऱ्या भागाने खासदारांचा पगार दरमहा 50 हजारांवरून एक लाख केला, आणि दर पाच वर्षांनी तो महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढावा अशी सोय करून ठेवली. महागाईभत्त्यासाठी आम्ही किती मोर्चे काढले ते या शहराच्या रस्त्यांना ठाऊक आहे! खासदारांना पगार मिळू नये असे मी म्हणत नाही. बिनपगारी पुढारी फार महाग पडतो. पण वचन पुसण्याचे काम आणि पगार वाढवण्याचे काम एकाच कागदावर व्हावे, आणि त्यावर कोणी बोलू नये?

यात आपल्या खासदाराने मत कोणते दिले, हे शोधू गेलात तर सापडणार नाही. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'हो' म्हणावे. आवाज होतो, मंजूर. कोणी मतविभागणी मागितली तरच घंटा वाजते आणि कोण कुठल्या बाजूला ते नोंदले जाते. शिवाय 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडणाऱ्याची जागाच जाऊ शकते. म्हणजे मत धड त्याचे नाही, आणि आपल्याला दिसतही नाही. भाषण मात्र त्याचे असते, ते दिसते आणि वर्तमानपत्रात छापूनही येते.

काटकसरीला दुसरी बाजूही असते, जमेची. 20 सप्टेंबर 2019 रोजी कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा दर 22 टक्क्यांवर आणला. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, हा सरकारचाच अंदाज होता. आणला तोही वटहुकमाने; संसदेचे मत मागाहून. त्यातून कारखाने वाढतील असे सांगितले गेले. असेल. पण तूट, तूट म्हणून एरवी छाती पिटणारे त्या आठवड्यात फारसे ऐकू आले नाहीत.

मग काटकसर कोठे खरी झाली? निवृत्तिवेतनात. केंद्राने 1 जानेवारी 2004 पासून नव्याने नोकरीत येणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद केले, सैन्यदले तेवढी वगळली. त्यासाठी संसदेचे मत लागले नाही, अधिसूचना पुरली. कायदा झाला 2013 साली. त्या वेळी घंटा वाजली: बाजूने 174, विरुद्ध 33. सत्ताधारी काँग्रेस आणि विरोधातला भारतीय जनता पक्ष एकाच बाजूला होते, डावे पक्ष विरोधात. लोकसभेत निवडून येतात 543. निम्म्याहून अधिकांचे मत कुठल्याच बाजूला नाही! महाराष्ट्राने हीच रीत 1 नोव्हेंबर 2005 पासून उचलली. आणि याच राज्याच्या विधिमंडळाने 5 ऑगस्ट 2016 रोजी, पुन्हा चर्चेविना, आमदारांचा पगार वाढवला आणि माजी आमदारांचे निवृत्तिवेतन 40 हजारांवरून 50 हजारांवर नेले. तिथे तुटीची आठवण निघाली नाही.

पण आता माझ्या अंगावरची गोष्ट. 2005 साली आमच्या संघटनेची सभा भरली. शिपाई, पहारेकरी, माळी, सगळे आले होते. पहिलाच प्रश्न आला, "हे आपल्याला लागू आहे का?" मी व्यासपीठावरून सांगितले, "नाही, नव्यांना आहे." सभेच्या छातीवरचा दगड उतरलेला मला दिसला. ज्यांचे जाणार होते ते त्या सभेत नव्हतेच. कित्येक तर शाळेत असतील. आम्ही निषेधाचा ठराव केला आणि घरी गेलो.

14 मार्च 2023 रोजी राज्यातले कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले. तारखेचा योगायोग बघा. सात दिवसांनी संप मागे घेतला. त्या संपात मंडपात माझ्या शेजारी बसलेल्या एका पोराने विचारले, "अण्णा, हे बंद झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?" पोरगा रागाने विचारीत नव्हता. त्याला खरेच माहीत नव्हते.

जुनी सभावृत्ताची वही माझ्या कपाटात आहे. ती मी दुसऱ्या दिवशी नेऊन त्याच्या हातात दिली. ठराव चार ओळींचा आहे. त्याच पानावर खाली त्या सभेच्या चहाचा खर्च लिहिलेला आहे.